खटक्याचा चाकू

५ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलबाईंनी अनिताला सांगितलंय, जे जे घडलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेव. ती येताना एस.टी. स्टँडजवळून दोन वह्या घेऊन आली. त्यातली एक मी उचलली. मलाही एक तारीख लिहायची आहे. ३ नोव्हेंबर, भाऊबीज, सकाळी साडेदहा, रोहा.

भाचीला दोन तासांसाठी आणायला गेलो होतो. मैना चार वर्षांची. ऑगस्टमध्ये निकेशने माझ्या बहिणीला मारून घराबाहेर काढलं आणि पोरगी ठेवून घेतली. तेव्हापासून अनिता पेणला आमच्याकडे आणि मैना तिकडे रोह्याजवळच्या अष्टमी गावात, बाप आणि आजीजवळ. माझ्या पिशवीत नवीन फ्रॉक होता, आईने दिलेल्या करंज्या होत्या. निकेश ओटीवर आला. मी म्हटलं, ‘निकेश, सणाचा दिवस आहे, पोरीला...’ एवढंच. पुढचं तोंडात राहिलं.

थप्पड मला दिसलीच नाही, नुसती ऐकू आली. माझा हात वर यायच्या आत त्याचा हात येऊन परत गेलाही होता. शेजारचे चार जण बघत होते. त्याची आई कृष्णाबाई दारात उभी राहून हसली. करंज्यांची पिशवी तिथेच राहिली.

मी आखणीवाला. सुभाषशेठच्या कारखान्यात गणपतींचे डोळे काढतो. एका पापणीला एक श्वास, तेवढ्या वेळात ब्रश टोकापर्यंत न्यायचा. बारा वर्षं मी ह्या हाताला सावकाशी शिकवली आणि ऐन वेळी तीच नडली. निकेश, ह्याची भरपाई मी करून घेणार. लिहून ठेवतो.

८ नोव्हेंबर

अनिता अजून रागावलेली आहे माझ्यावर. आज ताट वाढताना एवढंच म्हणाली, “तुला कोणी जायला सांगितलं होतं दादा?”

वकीलबाई दर्शना मॅडम. पेणच्या कोर्टासमोर त्यांचं ऑफिस आहे. आवाज मऊ, पण माणसाला गप्प बसवतात. म्हणाल्या, “मूल लहान आहे. कोर्ट आईचा विचार आधी करतं. फक्त एक करा, तुमच्याकडून कोणीही रोह्याला जाऊन आवाज करायचा नाही. शांत राहिलात तर पोरगी घरी येईल.” शांत राहायला त्यांचं काय जातं? त्यांच्या गालावर नाही बसलेली.

आईचं मध्येच सुरू झालं, स्थळ कोणी आणलं होतं म्हणून. मी आणलं होतं. टेनिस बॉलच्या मॅचमध्ये निकेश माझ्या टीममधून खेळायचा, कंपनीत कायम झाला होता, दिसायला बरा. तो विषय ह्या वहीत नको.

१४ नोव्हेंबर

पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. आलं.

मिटलेला चाकू हाताला चांगलाच जड लागतो. काळी मूठ, आणि उघडल्यावर माझ्या तळहाताहून लांब पातं. पात्याच्या बुडाशी एक खुंटी आहे. अंगठ्याने ती जराशी ढकलायची, मग आतली स्प्रिंग पकड घेते आणि उरलेलं पातं स्वतःच फेकते. खट्. हा आवाज मी दिवसभर मनात ऐकतोय. त्या थप्पडेच्या आवाजावर हाच आवाज बसणार.

व्हिडिओ पुष्कळ पाहिलेत. लहान पातं चटकन उघडतं, मोठ्याला वजन असतं, म्हणून स्प्रिंगला जोर पडतो आणि ते किंचित उशिरा येतं. दुकानदाराने लहान घ्या असंच सांगितलं असतं. पण लहान पात्याला निकेश घाबरणार नाही. मला त्याला मारायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मला त्याचा चेहरा पांढरा पडलेला बघायचाय, त्याच ओटीवर, त्याच चार शेजाऱ्यांसमोर. त्याचा हात उठायच्या आत माझं पातं बाहेर हवं. बस, एवढंच मागणं आहे.

१६ नोव्हेंबर

मोबाईलमध्ये स्लो मोशन आहे. एका सेकंदाचे दोनशेचाळीस तुकडे होतात. मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला, चाकू उघडला आणि एकेक चित्र मोजलं. अंगठा हलल्यापासून पातं अडकेपर्यंत एकतीस चित्रं. म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्याहून थोडं जास्त. मग आपण थप्पड किती वेळात मारतो ते मोजलं, भिंतीवर लटकवलेल्या गोणीला मारून. चाळीसच्या आसपास. मी जिंकतो.

बिजागरी जरा कोरडी वाटली. मशीनचं तेल संपलं होतं, म्हणून आईच्या फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि चार थेंब सोडले. लगेच सव्वीसवर आला. खोबरेलासारखं तेल नाही.

२७ नोव्हेंबर

आजचा आकडा चोवीस. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये, साच्यांच्या आड, दोनशे वेळा. अंगठ्याला घट्टा पडलाय.

घरी मोरीच्या दारामागे करत होतो तर अनिताने ऐकलं. “कसला आवाज तो खट् खट्?” मी म्हटलं, कारखान्याचं नवीन कटर. ती बघत राहिली. मग म्हणाली, “दादा, ह्या भिंतीला रंग मारून देशील? पिवळा. मैनाची खाट इथं लागेल.” तिने पट्टी घेऊन भिंत मोजून ठेवली होती. पोह्याच्या पापडाच्या कारखान्यात कामाला लागली आहे, त्याचं पत्र घेतलंय, बालवाडीच्या बाईंकडून जागा आहे म्हणून लिहून आणलंय. सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत. हिला वाटतं कागदांनी माणूस सरळ होतो.

रंग देतो म्हटलं. सवड झाली की.

८ डिसेंबर

चाकू बिघडतोय. दुपारी चोवीस-पंचवीस येतो, पण सकाळी उठल्या उठल्या घेतला की तेहतीस, काल तर अडतीस. विकणाऱ्याला तीन मेसेज टाकले, उत्तर नाही. माझ्या मते प्लास्टरची पूड आत जाते. आमच्याकडे ती चहातही असते. ब्रशने झाडून काढली आणि पुन्हा खोबरेल सोडलं, ह्या वेळी भरपूर.

बाटली तरी कुठे जागेवर असते? शोधून शोधून दमलो. आईने ती अंगणात उन्हात ठेवली होती. थंडी चांगलीच पडली आहे. आई म्हणाली, “सकाळी डोक्याला लावायला निघतच नाय रे बोटाने.” मी म्हटलं, मोठ्या तोंडाची बाटली घे.

१२ डिसेंबर

परदेशी जाणाऱ्या मूर्तींची आखणी चालू आहे, बोटीने जातात म्हणून लवकर लागतात. आज सुभाषशेठनी माझ्या चार मूर्ती ओळीत मांडल्या आणि समोर उभे राहिले. चौघांचेही उजवे डोळे डाव्याहून मोठे. अंगठा थरथरतो, ब्रश टेकतो तिथे थांबत नाही.

शेठ म्हणाले, “अक्षय, तुला काय झालंय रे? देव माझ्याकडे रागाने बघतोय.” उद्यापासून मला घासकामाला बसवलंय, पॉलिशपेपर घेऊन. बारा वर्षांनी. हेसुद्धा निकेशच्याच खात्यावर.

१९ डिसेंबर

आज पेणच्या कोर्टात तारीख होती. मी मागच्या बाकावर बसलो. अनिताने एकेक कागद काढून दिला. तिचा आवाज एकदाही कापला नाही. साहेबांनी निकेशच्या वकिलाला विचारलं, चार वर्षांचं मूल आईपासून तोडून ठेवायचं कारण काय? तो नुसती फाईल चाळत राहिला. पुढची तारीख २० जानेवारी, त्या दिवशी ताब्याचा निर्णय. बाहेर आल्यावर वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. “होईल आपलं. संक्रांतीनंतर पोरगी तुमच्याकडे.” अनिता पायरीवर बसून रडली, मग लगेच उठून तोंड धुऊन कामावर गेली.

निकेश बाईकला किल्ली लावत होता. माझ्याकडे बघून हसला. “काय आखणीवाले, गाल बरा हाय ना?”

आजूबाजूचे दोघे हसले. मी खिशात हात घातला. चाकू घरी होता. वाचला.

५ जानेवारी

पंधरा दिवस राहिले. घरात सगळे खूश. आई तिळाचं काय काय करतेय. पिवळा रंग अनिताने स्वतःच आणला आणि काल-आज बसून भिंत रंगवली. मी कारखान्यातून आलो तर हिच्या केसांत पिवळे ठिपके. मला म्हणाली, “बघ, आखणीवाल्याच्या बहिणीने मारलाय, एक ओघळ नाय.” चेष्टा केली तिने. कितीतरी महिन्यांनी.

मी हसलो, पण खरं इथे लिहितो. मला २० तारीख नकोशी वाटतेय. मैना आली की सगळ्यांचा विषय संपणार. वकीलबाई म्हणतील झालं, आई म्हणेल देवाने केलं. आणि माझी थप्पड तशीच राहील. मग रोह्याला जायला कारणच उरणार नाही. जे करायचं ते वीसच्या आत.

९ जानेवारी, गुरुवार

हात बांधलेला आहे, तरी लिहितो. सगळं लिहितो.

पहाटे साडेपाचला निघालो. आईला सांगितलं, वडखळला माल उतरवायचाय. नाकाबंदी असली तर म्हणून चाकू अंगावर न ठेवता स्कूटरच्या डिकीत टाकला. गडबच्या पुढे शेतांवर धुकं होतं, हँडलवर बोटं बधिर झाली. नागोठण्याला चहासुद्धा घेतला नाही. साडेसहाला अष्टमीत. निकेशची पहिली पाळी असते, पावणेसातला घरातून निघतो हे मला माहीत होतं.

तो ओटीवर बसून बूट घालत होता. मी डिकीतून चाकू काढला, बर्फासारखा गार होता, आणि पुढे जाऊन पाठ केलेलं वाक्य बोललो, “आता उचल हात.”

अंगठ्याने खुंटी ढकलली. पातं निघालं. अर्ध्यात आलं आणि थांबलं.

खट् झालंच नाही. मुठीतून पातं तिरकं बाहेर आलेलं, धड उघडं नाही, धड मिटलेलं नाही. पहिल्या क्षणी निकेशचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी शपथेवर सांगतो, मी पाहिला. मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. हसत हसतच त्याने खिशातून मोबाईल काढला. मी हात झटकला, पुन्हा झटकला. कृष्णाबाई ओरडली, “आलाय बघा चाकू घेऊन!” दारात कोणीतरी रडायला लागलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, मला ते पातं उघडायचं होतं. शेवटी डाव्या हाताने ओढलं आणि माझीच दोन बोटं कापली. तेवढ्यात शेजाऱ्यांनी मागून धरलं. तेच चार जण.

पोलीस ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं. चाकू खिडकीजवळच्या टेबलावर होता. दहा-अकरा वाजता तिथे ऊन आलं. एका हवालदाराने तो उचलून सहज अंगठा लावला. खट्! सगळं ठाणं वळून बघायला लागलं. त्याने तीन वेळा उघडमीट केली, मग नाकाजवळ नेला.

“खोबरेल घातलंस व्हय रे? थंडीच्या दिवसांत?”

मी मान हलवली.

“अरे कोकणातला ना तू? गोठतं ते. तुझी आय बाटली उन्हात नाय ठेवत?”

इतके हसले की साहेब बाहेर आले.

११ जानेवारी

नोटीस देऊन आणि सही घेऊन परवा संध्याकाळीच घरी सोडलं, बोलावलं की हजर व्हायचं. व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. कारखान्यात कोणी तोंडावर हसत नाही, मी आत गेलो की गप्प होतात. निकेशने अजून पक्की तक्रार दिलेली नाही, विचार करून देतो म्हणालाय. कसला विचार करतोय तो? मला आत टाकायचं तर टाक. बाहेर आलो की बघतो. पुढच्या वेळी मशीनचं तेल.

अनिता माझ्या बोटांची पट्टी बदलते.

१३ जानेवारी

वकीलबाईंनी तिघांना बोलावलं. व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोर लावला आणि बोट ठेवून थांबवला. “हे बघा.”

माझ्या हातात अर्धवट चाकू. निकेशच्या मागे दारात मैना. झबलं घातलेली, एका हातात उशी. तोंड उघडं.

दारात रडत होती ती मैना होती.

वकीलबाई म्हणाल्या, “आता त्यांचा वकील एकच प्रश्न विचारणार. पोरगी आईकडे द्यायची म्हणजे कोणत्या घरी? ह्याच माणसाच्या घरी ना? माझ्याकडे ह्याचं उत्तर नाही.” मग तिकडचा निरोप सांगितला. मैना बापाकडे राहील, आईने महिन्यातून दोन रविवार रोह्याला जाऊन भेटायचं, मामाने पोरीच्या समोर यायचं नाही. हे मान्य असेल तर चाकूची तक्रार करणार नाहीत. “मी सही करा म्हणणार नाही. लढता येईल. पण आता वर्षं लागतील, आणि तोवर पोरगी तिकडेच.”

अनिताने विचारलं, “नाय केली सही तर दादाचं काय?”

“आत जातील. किती दिवस, सांगता येत नाही.”

आई पदराचं टोक पिळत बसली होती. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, अनिता, सही करू नको, मी जातो आत. वाक्य जिभेवर होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पंख्याकडे बघितलं.

२० जानेवारी

सही झाली. दहा मिनिटांत झाली. साहेबांनी अनिताला दोनदा विचारलं, बाई, स्वखुशीने करताय ना? ती दोन्ही वेळा हो म्हणाली. निकेशने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला आता गरज नव्हती.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “अनिते, मी तुझ्यासाठीच गेलो होतो गो.”

ती भाकरीचं पीठ मळत होती. थांबली. “माझ्यासाठी? मी तुला कधी बोलले जा म्हणून? एकदा तरी? मी तुला एकच काम सांगितलं होतं, भिंत रंगव. ती नाय झाली तुझ्याने.” मग आवाज चढला. मी तिचा असा आवाज लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. “त्याने मला पाच वर्षं मारलं. मी सगळं गिळलं, कागद गोळा केले, का? पोर यावं म्हणून. तुला एक बसली ती तुझ्याने गिळवली नाय. एक, दादा!”

आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

मी तिच्या नवऱ्यावर सूड घ्यायला निघालो होतो. तिचा सूड वीस तारखेला कोर्टात आपोआप पुरा होणार होता, कायद्याने, सगळ्यांसमोर, आणि तो मी मोडला. निकेशला जे जमलं नसतं ते मी त्याला करून दिलं. लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाचं नाव इथे लिहिता येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला रविवार. अनिता सकाळच्या एस.टी.ने रोह्याला गेली. मला जायला मनाई आहे, कागदावर माझीही सही आहे. तरी स्कूटर काढली. भांडायला नाही. मला फक्त पोरीला लांबून बघायचं होतं.

नदीकाठच्या बागेत भेट ठरली होती. मी भेळवाल्याच्या गाडीमागे उभा राहिलो, वीस पावलांवर. कृष्णाबाई मैनाला घेऊन आली. पोरगी उंच झाली आहे. अनिता बाकावरून उठली, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. सहा महिन्यांनी.

मैना आजीच्या पदराआडून बाहेर येईना. अनिताने खाऊ काढला, बाहुली काढली. पोरगी हलेना. आईकडे बघतही नव्हती. बाकाच्या मागे बघत होती, झाडांच्या मागे, गाड्यांकडे. मग तिने विचारलं. बाग रिकामी होती, मला स्पष्ट ऐकू आलं.

“मामा आलाय?”

अनिताने मान वर केली. तिची नजर गाडीपाशी आली आणि माझ्यावर थांबली. तिने मला पाहिलं, पक्कं पाहिलं. मग ती मैनाकडे वळली.

“नाय गो बाय. मामा नाय आला. तो आता कधीच नाय येणार.”

आणि मैना धावत तिच्या गळ्यात पडली.